घरच्या संगणकाला आणखी एक फायरवॉल हवी का?

नवा लॅपटॉप घेतला की बिलात एक ओळ हमखास जास्तीची असते. लॅपटॉप, बॅग, माउस आणि त्याखाली ‘इंटरनेट सिक्युरिटी, एक वर्ष’. ही कशाला, असे विचारले तर दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, नेट वापरणार ना? मग फायरवॉल तर पाहिजेच.’’ एवढे पैसे मोजल्यावर आणखी थोड्यासाठी कुठे वाद घालायचा, म्हणून गिऱ्हाईक तेही देऊन मोकळे होते. वर्ष संपले की पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरे उमटू लागतात, ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’. मग निवृत्त शिक्षक असोत की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी, प्रश्न एकच पडतो. हे पुन्हा विकत घ्यायचे का?

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे कुणी विचारेल. त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, घरचा संगणक ही आता घराच्या औषधपाण्याची फाइल झाली आहे. रक्ताचे रिपोर्ट, एमआरआयची चित्रे, विम्याचे कागद, आजोबांच्या गोळ्यांची यादी, सगळे त्यातच असते. लहान गावात तर दवाखान्यातला संगणक आणि डॉक्टरांच्या घरचा संगणक हा बऱ्याचदा एकच असतो. दुसरे कारण म्हणजे हा प्रश्न ज्या जातीचा आहे, त्या जातीचे प्रश्न आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज येतात. ‘‘डॉक्टर, ताकदीची एखादी गोळी जास्तीची लिहून द्या ना.’’ अशा वेळी डॉक्टरने तीन गोष्टी पाहायच्या असतात. आजार नेमका कोणता, रुग्ण आधीपासून काय घेतो आहे, आणि नव्या गोळीचा त्रास काय होईल. फायरवॉलचा निर्णयही याच तीन प्रश्नांनी घेता येतो.

फायरवॉल करते तरी काय?

इमारतीत एका भागातली आग दुसरीकडे पसरू नये म्हणून बांधलेली जाड भिंत म्हणजे फायरवॉल. संगणकाच्या जगाने हा शब्द तिथून उचलला. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर ६५ हजारांहून अधिक दारे असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइटसाठी एक, मेलसाठी दुसरे, ऑफिसातल्या संगणकांनी आपसांत फायली देण्या-घेण्यासाठी तिसरे, अशी त्यांची वाटणी असते. फायरवॉल या दारांवर बसते. तुम्ही स्वतः एखादी वेबसाइट उघडली, तर तिचे उत्तर आत येऊ देते. तुम्ही काहीच मागितलेले नसताना बाहेरून कुणी दार ठोठावले, तर त्याला उत्तर देत नाही.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन हेच काम करतो. अनोळखी माणूस आला तर तो अडवतो. मात्र तिसऱ्या मजल्यावरून तुम्हीच इंटरकॉमवर सांगितले, ‘‘आमच्याकडचाच आहे, पाठवा वर,’’ तर तो त्याला सोडणारच. फायरवॉलची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही यात आल्या.

वीस-बावीस वर्षांपूर्वी ही वेगळी विकत घ्यावी, असा सल्ला योग्यच होता. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा तिच्यात फायरवॉल होती, पण कंपनीने ती बंद ठेवून दिली होती. ती शोधून चालू करणारा घरगुती ग्राहक विरळाच. त्या काळात घराघरांतले संगणक टेलिफोनच्या तारेने किंवा मोडेमने थेट इंटरनेटला जोडले जात. मध्ये कुणीच नसे. मग ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा आला. त्याला ना मेल उघडावा लागत होता, ना कुठे क्लिक करावे लागत होते. संगणक नेटला जोडलेला असणे एवढेच पुरे. संगणक एका मिनिटात बंद होणार, अशी उलटी मोजणी पडद्यावर सुरू व्हायची आणि माणूस हताशपणे बघत राहायचा. २००४ च्या एप्रिलअखेरीस ‘सॅसर’ आला. त्याचीही रीत हीच.

या दोन्ही साथींत लक्षात ठेवण्याजोगा एक तपशील आहे. ब्लास्टर ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने २६ दिवस आधी दिले होते. सॅसरच्या वेळी हे अंतर १७ दिवसांचे होते. लस आली होती, लोकांनी घेतली नव्हती. अपडेट यायचे आहे किंवा आले आहे पण अजून टाकलेले नाही, अशा मधल्या दिवसांत दार बंद ठेवणे हे फायरवॉलचे खरे काम. या धड्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला आणि त्याने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. तेव्हापासून विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीत ती सुरुवातीपासून चालूच येते.

म्हणजे आज ज्याच्या घरी विंडोज १० किंवा ११ आहे, तो ही गोळी आधीपासून घेतो आहे. दुकानदार तीच गोळी दुसऱ्या नावाने पुन्हा विकतो.

आधीपासून काय चालू आहे?

घरात ब्रॉडबँड असेल तर बाहेरचे पहिले फाटक राउटरचे. फायबरची तार येते ती पांढरी किंवा काळी पेटी. तिच्यामागे घरातला लॅपटॉप, मोबाइल, टीव्ही हे सगळे बाहेरच्या जगाला सहसा एकाच पत्त्याने दिसतात. तुमच्या लॅपटॉपने काही मागवले की राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्याच्याकडे पोहोचवतो. कुणीही न मागवलेले पाकीट बाहेरून आले, तर ते कुणाला द्यायचे हेच राउटरला कळत नाही, आणि तो ते टाकून देतो. ही रचना मुळात पत्ते अपुरे पडतात म्हणून झाली, पण तिने घराला एक आडोसा मिळाला. नव्या पद्धतीच्या पत्त्यांत, म्हणजे आयपीव्ही ६ मध्ये, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. तिथे हा आडोसा आपोआप मिळत नाही. म्हणून राउटरमधली स्वतःची फायरवॉल चालू असणे महत्त्वाचे ठरते.

या फाटकाला भोके पाडणारे बहुतेक वेळा आपणच असतो. सीसीटीव्ही बसवणारा मुलगा म्हणतो, ‘‘काका, गावाला गेलात तरी मोबाइलवर कॅमेरा दिसेल.’’ त्यासाठी तो राउटरमध्ये एक पोर्ट कायमचे उघडून ठेवतो. कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या कार्यक्रमाने जगभरचे असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, बाकी काही नाही. त्या यंत्रांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठ्या वेबसाइट काही तास उघडेनात. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांच्या लॅपटॉपवर महागातली फायरवॉल असती, तरी फरक पडला नसता. दार कॅमेऱ्याचे उघडे होते.

आजार कोणता?

आता मुख्य प्रश्न. आज घरगुती संगणकाचे नुकसान कशाने होते? वीज कापली जाईल असा मेसेज येतो, त्यातल्या नंबरवर फोन केला की पलीकडचा माणूस एक ॲप टाकायला सांगतो, आणि त्या ॲपमधून तो तुमचा पडदा पाहू लागतो. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ अशी चौकट भोंगा वाजवत उघडते. कुरिअरचे बिल म्हणून आलेली फाइल उघडली जाते. महागडे सॉफ्टवेअर फुकटात मिळावे म्हणून ‘क्रॅक’ उतरवले जाते, आणि त्यासोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ असते, ‘आधी अँटिव्हायरस आणि फायरवॉल बंद करा’. लोक ती बंद करतात.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. बाहेरचा कुणी दार फोडून आला नाही. आतून निरोप गेला, ‘पाठवा वर’. पडदा दाखवणारे ॲप तुमच्याच संगणकातून बाहेर जोडणी करते, त्यामुळे फायरवॉलला ते तुम्ही स्वतः उघडलेल्या एखाद्या वेबसाइटसारखेच दिसते. बनावट ‘टेक सपोर्ट’ देणारी कॉल सेंटरे आपल्याच देशात चालत. सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र’ या नावाने त्यांच्यावर कारवाया केल्या. त्यांचा माल म्हणजे भीती, आणि भीतीला पोर्ट लागत नाही.

विश्वासातल्या वाटेने येणारा आजारही असतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने जगभर धुमाकूळ घातला. त्या दिवशी आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणकीय कामही ठप्प झाले. या हल्ल्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. ते अपडेट रोजच्या वाटेने, ओळखीच्या नावाने आले. फाटकावरचा वॉचमन ओळखीच्या दूधवाल्याची किटली उघडून बघत नाही.

यावर वेगळी फायरवॉल विकणारे सांगतात की, आमची फायरवॉल बाहेर जाणाऱ्या गोष्टीही अडवते. हे खरे आहे. विंडोजची फायरवॉल आत येणाऱ्याला अडवते, पण बाहेर जाणाऱ्याला, वेगळा नियम केला नसेल तर, सोडते. वेगळ्या फायरवॉलमध्ये प्रत्येक कार्यक्रमाने बाहेर जाण्याआधी परवानगी मागावी, अशी सोय असते. ज्याला आपल्या संगणकातला कोणता कार्यक्रम कुठे बोलतो हे बघण्याची हौस आणि समज आहे, त्याला तिचा उपयोग होतो. पण एकदा घुसलेला आणि संगणकाचे पूर्ण अधिकार मिळवलेला कार्यक्रम त्याच संगणकावरची फायरवॉल बंद करू शकतो, किंवा ब्राउझरच्या वाटेने गुपचूप बाहेर जाऊ शकतो. घरात शिरलेल्या चोराच्या हाती वॉचमनच्या खोलीची किल्लीही लागते.

गोळीचा त्रास

पहिला त्रास सूचनांचा. अतिदक्षता विभागात काम केलेल्या प्रत्येकाला हा त्रास माहीत असतो. मॉनिटर सतत वाजत असतो. त्यातले बहुतेक आवाज रुग्णाने कूस बदलली किंवा वायर हलली म्हणून असतात. काही दिवसांनी कान ते ऐकेनासे होतात, आणि खरा इशाराही त्या गोंगाटात हरवतो. रुग्णसुरक्षेच्या चर्चेत जगभर हा धोका मान्य झालेला आहे. ‘अमुक एक्झी तमुक पत्त्यावर जाऊ इच्छिते, परवानगी द्यायची का?’ असे दिवसातून वीस वेळा विचारणारी फायरवॉल घरातल्या माणसाला एकच गोष्ट शिकवते, ‘हो’वर बोट ठेवायची. ज्या दिवशी ‘नाही’ म्हणायला हवे, त्या दिवशीही बोट तिथेच पडते.

दुसरा त्रास जास्त गंभीर. सुरक्षेचे सॉफ्टवेअर संगणकाच्या गाभ्यात बसते. त्यातच चूक असेल तर ती गाभ्याला लागते. मार्च २००४ मध्ये ‘विटी’ नावाचा किडा आला. तो शिरला तो ‘ब्लॅकआइस’ आणि त्याच कंपनीच्या इतर सुरक्षा उत्पादनांमधल्या चुकीतून. ब्लॅकआइस ही त्या काळची नावाजलेली फायरवॉल. चूक जाहीर झाल्यानंतर साधारण एका दिवसात किडा हजर झाला आणि पाऊण तासात सुमारे १२ हजार संगणक त्याने गाठले. तो डिस्कवरची माहितीही हळूहळू खराब करत असे. म्हणजे ज्यांनी जास्तीची काळजी घेतली, तेवढेच सापडले. अलीकडचे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. विमाने अडली आणि काही देशांतल्या रुग्णालयांना ठरलेली कामे पुढे ढकलावी लागली. तिथे हल्लेखोर कुणी नव्हताच.

तिसरा त्रास मुदतीचा. वेगळी फायरवॉल टाकली की विंडोजची आपली जागा तिला देते, कारण दोन्ही एकाच वेळी चालवल्या तर त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणतात. वर्ष संपल्यावर, पैसे न भरता ती तशीच पडून राहिली, तर कोणती चालू आहे आणि कोणती नाही, याचा घरात कुणालाच पत्ता नसतो. अर्धवट सोडलेल्या अँटिबायोटिकच्या कोर्ससारखी ही अवस्था आहे. घेतल्याचे समाधान आहे, उपचार मात्र होत नाही.

मग कुणाला द्यावी?

याचा अर्थ फायरवॉल बिनकामाची, असा कुणी काढू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला जे केले, ते विसरण्यासारखे नाही. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या सुमारे एक तृतीयांश ट्रस्टचे काम विस्कळीत झाले, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. त्यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९ हजारांहून अधिक असा मांडला. त्यात कर्करोगाच्या संशयाने तातडीने बोलावलेले रुग्णही होते. अपडेट जवळपास दोन महिने आधी आलेले होते. याच अहवालात एक वाक्य असे होते की, अपडेट टाकलेले असो वा नसो, इंटरनेटकडे तोंड असलेल्या फायरवॉल नीट सांभाळल्या असत्या तर या संस्था वाचल्या असत्या. यात नवी फायरवॉल विकत घ्यावी असे म्हटलेले नाही. असलेली नीट सांभाळावी, असे म्हटले आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. कित्येक दिवस केसपेपर, तपासण्या, बिले सगळे हाताने लिहावे लागले. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले आणि कारण दिले, नेटवर्कची अयोग्य विभागणी. सगळे वॉर्ड एकाच दालनात असतील तर एका रुग्णाचा संसर्ग सगळ्यांना होतो. मध्ये भिंती हव्यात.

त्यामुळे जास्तीच्या फायरवॉलची खरी गरज कुठे आहे, हे स्पष्ट होते. ज्या दवाखान्यात किंवा छोट्या रुग्णालयात रिसेप्शनचा संगणक, सोनोग्राफीचे यंत्र आणि रुग्णांच्या नातेवाइकांचे मोबाइल एकाच वाय-फायवर आहेत, तिथे ती हवी. अनेक तपासणी-यंत्रांना जुन्या विंडोजचा संगणक जोडलेला असतो, आणि कंपनीचा इंजिनीअर सांगून गेलेला असतो, ‘‘याला अपडेट करू नका, मशीन बंद पडेल.’’ अशा यंत्रासाठी वेगळी जाळी आणि मध्ये खरी, पेटीच्या रूपातली फायरवॉल, हा उपचार आहे. प्रत्येक संगणकावर एक-एक सॉफ्टवेअर टाकणे हा त्याला पर्याय नाही. हिशेबनिसाला घरून काम करता यावे म्हणून रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट बाहेर उघडे ठेवलेले असेल, तर ते आजच बंद करा. रॅन्समवेअर घुसण्याच्या नेहमीच्या वाटांपैकी ती एक आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. डॉक्टरही त्यात येतात.

घरात एक अपवाद जुन्या संगणकाचा. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ७ ची तर त्याच्याही कितीतरी आधी. अशा संगणकावर नवी फायरवॉल टाकून तो सुरक्षित होत नाही. भिंतच पोखरली असेल तर दाराला दुसरे कुलूप लावून काय उपयोग? विंडोज ११ चालत असेल तर ती घ्यावी, विंडोज १० साठी कंपनीने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा-अपडेटची सोय तोवर घ्यावी, नाहीतर त्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि रिपोर्ट ठेवणे थांबवावे.

बाकीच्या घरांना, म्हणजे बहुतेक घरांना, वेगळी फायरवॉल विकत घेण्याची गरज नाही.

घरी करण्याच्या पाच गोष्टी

‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ पाहा. तिथल्या तिन्ही ओळींपुढे ती चालू असल्याची हिरवी खूण दिसली पाहिजे. वेगळी फायरवॉल असेल तर तिचे नाव तिथेच दिसते. मुदत संपलेली असेल तर ती काढून टाका आणि विंडोजची चालू झाली का ते तपासा. ॲपलचा मॅक असेल तर फायरवॉल सेटिंगमध्ये जाऊन पाहावी लागते, ती चालू असेलच असे गृहीत धरू नका.

रेल्वे स्टेशन, हॉटेल, लॉज, वसतिगृह इथल्या वाय-फायला जोडताना विंडोजच्या सेटिंगमध्ये पाहा, नेटवर्क ‘पब्लिक’ आहे की ‘प्रायव्हेट’? घराबाहेर नेहमी ‘पब्लिक’. त्याने बरीचशी दारे बंद राहतात. एखाद्या कार्यक्रमासाठी फायरवॉलने परवानगी मागितली आणि तो कार्यक्रम तुम्ही स्वतः सुरू केलेला नसेल, तर ‘कॅन्सल’ म्हणा.

राउटरचा पासवर्ड बदला. वाय-फायचा नव्हे, राउटरच्या सेटिंगचा. तो अजूनही ‘ॲडमिन’ असेल तर ब्रॉडबँडवाल्याला घरी बोलावून बदलून घ्या, आणि राउटरची फायरवॉल चालू आहे ना आणि कोणती पोर्ट उघडी आहेत, हेही त्यालाच दाखवायला सांगा. कॅमेऱ्याचाही पासवर्ड बदला.

अपडेट पुढे ढकलू नका. संध्याकाळी जेवायला बसताना ‘अपडेट अँड शटडाउन’ दाबावे, उठेपर्यंत काम झालेले असते.

आणि जे पैसे फायरवॉलवर जाणार होते, त्यात भर घालून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून दोनदा फोटो, रिपोर्ट, कागदपत्रे तिच्यावर उतरवा आणि काम झाल्यावर तिची वायर काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावेल. रॅन्समवेअरपुढे सगळे उपाय हरले तरी हा एक उपाय उरतो.

संगणकात काही शिरल्याचा संशय असेल तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर सफाईची साधने मोफत मिळतात. हे केंद्र २०१७ पासून चालू आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. लाजेपोटी दोन दिवस घालवले तर पैसा पुढच्या खात्यातून पुढच्या खात्यात सरकलेला असतो.

जबाबदारी फक्त ग्राहकाची नाही. ब्रॉडबँड कंपनीने राउटर बसवताना पासवर्ड बदलूनच जावे, आणि राउटरचे अपडेट करण्याचे काम ग्राहकावर सोडू नये. लॅपटॉप विकणाऱ्याने ‘फायरवॉल पाहिजेच’ असे सांगताना ती आत आधीपासून आहे, हेही सांगावे. सरकारी कार्यालये आणि रुग्णालये यांनी जुने संगणक बदलण्यासाठी अर्थसंकल्पात दरवर्षी तरतूद करावी. एकदा खरेदी करून दहा वर्षे विसरण्याचे दिवस गेले. भीती दाखवून संपूर्ण शरीर तपासणीचे पॅकेज विकणाऱ्यांविषयी आम्ही डॉक्टर नेहमी बोलतो. भीती दाखवून सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही तोच निकष लावायला हवा. आजार सांगा, पुरावा दाखवा, मग औषध विका.

घरातल्या ज्येष्ठांना मात्र एक वाक्य आजच सांगून ठेवा. फोनवरचा अनोळखी माणूस ॲप टाकायला सांगू लागला, तर फोन ठेवायचा आणि मुलाला किंवा शेजाऱ्याला हाक मारायची. घरच्या संगणकाला ज्या जास्तीच्या फायरवॉलची गरज आहे, ती एवढीच आहे आणि ती विकत मिळत नाही.